वस्तूची नोंद, वेबसाइटचं पान आणि मार्कअप : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लहान संग्रहालयांच्या वेबसाइटबद्दल लिहिताना मी एका परिच्छेदात म्हटलं होतं की वस्तूंच्या पानांना स्ट्रक्चर्ड मार्कअप, म्हणजे मशीनला समजेल अशा ठरलेल्या पद्धतीने लिहिलेली माहिती, लावा. बाकीचा लेख राहिला बाजूला, या एका वाक्यावरच ढीगभर पत्रं आणि मेल आले. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत, लांब होते ते थोडे छोटे केलेत.

प्रश्न : ताई, आमच्या गावात एका जुन्या वाड्यात छोटंसं संग्रहालय आहे. दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, थोडी शस्त्रं. पुतण्याने वेबसाइट करून दिली, फोटो टाकले, खाली माहिती लिहिली. पण गुगलवर शोधलं की आमची वस्तू काही दिसत नाही. एकजण म्हणाला स्कीमा टाकून देतो, आठवड्यात पहिल्या पानावर याल. हे स्कीमा म्हणजे नक्की काय, आणि खरंच असं होतं का?
— एक विश्वस्त, सातारा जिल्हा

उत्तर : काका, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. नाही, असं होत नाही. मार्कअप अगदी बरोबर लिहिलेलं असलं तरी सर्चमध्ये पान खास रूपात दिसेलच याची हमी गुगल देत नाही, आणि रेसिपीला किंवा नोकरीच्या जाहिरातीला सर्चमध्ये जसा वेगळा चौकोन मिळतो तसा संग्रहालयातल्या वस्तूसाठी नाहीचे. तरीही मी करा म्हणते, पण त्याचं कारण वेगळं आहे.

तुमच्या पानावर समजा लिहिलंय, "पितळी अडकित्ता, १८ सेमी, १८ वं शतक". आपण वाचलं की लगेच कळतं, पितळ हा धातू, पहिला १८ मापाचा, दुसरा १८ काळाचा. मशीनला ती नुसती एक ओळ दिसते आणि त्यातलं काय कशाचं आहे हे अंदाजाने काढावं लागतं. मार्कअप म्हणजे हीच माहिती पानाच्या कोडमध्ये ठरलेल्या नावांखाली पुन्हा लिहायची, हे नाव, हा नोंदणी क्रमांक, हे साहित्य, ही उंची, हा फोटो, ही वस्तू अमुक संग्रहातली. ही ठरलेली नावं स्कीमा डॉट ऑर्ग नावाच्या सामायिक शब्दसंग्रहात आहेत, तुम्ही ऐकलेलं "स्कीमा" ते हेच. जून २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहूने मिळून तो सुरू केला, त्याच वर्षी यांडेक्सही त्यात आलं. लिहायच्या पद्धती तीन आहेत, मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी, पैकी नवीन काम करताय तर जेसन-एलडी घ्या कारण तो पानाच्या एचटीएमएलमध्ये एक वेगळा तुकडा असतो, डोळ्यांना दिसत नाही, डिझाइनला हात लावावा लागत नाही, आणि पुतण्याला तो डेटाबेसमधून आपोआप भरता येईल.

पण काका, तुमची खरी अडचण मला वेगळीच वाटते. फोटोवर क्लिक केलं की माहिती खिडकीत उघडते आणि वरचा पत्ता बदलतच नाही, अशी तर वेबसाइट नाहीये ना? लहान संग्रहालयांच्या साइटवर हे फार बघते. तसं असेल तर वस्तूला स्वतःचं पानच नाही, मग गुगल दाखवणार काय. आधी प्रत्येक वस्तूला वेगळं पान, वेगळा पत्ता, आणि सगळ्या पानांची साइटमॅप फाइल. मार्कअप त्यानंतर.

आणि त्याच्याही आधी, संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवही म्हणजे अ‍ॅक्सेशन रजिस्टर. वस्तूचा नंबर, माप, साहित्य, कोणाकडून आली, कधी आली, अंगावर काही खूण किंवा अक्षरं आहेत का, सगळ्या बाजूंचे फोटो. १९९७ साली ऑब्जेक्ट आयडी नावाचं एक मानक आलं, चोरीला गेलेली वस्तू ओळखता यावी म्हणून निदान काय काय नोंदवलेलं असावं हे त्यात ठरवलंय, आता ते आयकॉम म्हणजे संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद सांभाळते. तेवढं रजिस्टरमध्ये असेल तर मार्कअप एका दुपारचं काम आहे, आणि रजिस्टरच रिकामं असेल तर कुठलाही प्रोग्रामर ते भरून देऊ शकत नाही.

प्रश्न : मी फ्रीलान्स वेब डेव्हलपर आहे, एका वस्तुसंग्रहालयाचं काम घेतलंय. स्कीमा डॉट ऑर्गमध्ये "म्युझियम" टाइप म्हणजे प्रकार आहे पण "म्युझियम ऑब्जेक्ट" असं काही सापडेना. व्हिज्युअल आर्टवर्क लावू का प्रॉडक्ट? प्रॉडक्टमध्ये मटेरियल, उंची, रुंदी सगळं आहे.
— पुणे

उत्तर : प्रॉडक्ट नको, प्लीज. तो टाइप विकायच्या मालासाठी वापरला जातो, सर्च कन्सोल हे साइटवाल्यांसाठीचं गुगलचं साधन लगेच किंमत कुठाय, स्टॉक कुठाय म्हणून तक्रारी करायला लागतो, आणि देव्हाऱ्यातली मूर्ती किंवा कुणाच्या घराण्याची तलवार मशीनला विक्रीची वस्तू म्हणून सांगणं मुळातच चुकीचं आहे.

तुझं निरीक्षण बरोबर आहे, संग्रहालयातल्या कुठल्याही वस्तूला लागू पडेल असा टाइप तिथे नाही. चित्राला पेंटिंग, मूर्तीला स्कल्प्चर, हस्तलिखिताला मॅन्युस्क्रिप्ट, नकाशाला मॅप, फोटोला फोटोग्राफ, हे सगळे टाइप आहेत ते वापर. व्हिज्युअल आर्टवर्कमध्ये माध्यम, पृष्ठभाग, उंची, रुंदी, खोली, छापील चित्र असेल तर किती प्रतींची आवृत्ती, असं बरंच लिहिता येतं, त्यामुळे कॅनव्हासवरचं तैलचित्र त्यात छान बसतं. अडचण येते ती नाणी, कुलपं, वजनं-मापं, स्वयंपाकघरातली भांडी यांची. तिथे मी वरचा सर्वसाधारण क्रिएटिव्ह वर्क टाइप घेते आणि अ‍ॅडिशनल टाइप या प्रॉपर्टीत म्हणजे रकान्यात, गेटी या अमेरिकी कलासंस्थेच्या आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस या संज्ञाकोशातल्या किंवा विकिडेटा या सगळ्यांना भर घालता येणाऱ्या खुल्या माहितीसाठ्यातल्या नेमक्या संकल्पनेचा पत्ता देते. म्हणजे वरवर बघणाऱ्या मशीनला ही कुणीतरी घडवलेली गोष्ट आहे एवढं कळतं आणि खोलात जाणाऱ्याला नक्की काय ते मिळतं. गेटीचा हा थिसॉरस फेब्रुवारी २०१४ पासून लिंक्ड ओपन डेटा म्हणजे एकमेकांना जोडता येणारा खुला डेटा म्हणून मोफत उपलब्ध आहे, तेव्हा स्वतःची प्रकारांची यादी बनवत बसू नकोस.

संग्रहासाठी कलेक्शन टाइप, वस्तूकडून संग्रहाकडे जोडायला इज पार्ट ऑफ ही प्रॉपर्टी. दफ्तरखाना असेल, रुमालात बांधलेले कागद असतील, तर आर्काइव्ह कंपोनंट म्हणून वेगळा टाइप आहे, त्यात कागद कुणाकडे आहे आणि प्रत्यक्ष कुठे आहे हे सांगायची सोय आहे. प्रदर्शन भरवलं तर एक्झिबिशन इव्हेंट. आणि म्युझियम हा टाइप फक्त संग्रहालयाच्या स्वतःच्या पानाला, तिथे पत्ता, नकाशावरची जागा, उघडायची वेळ, साप्ताहिक सुट्टी नीट भर. लोक लांबून मुलाबाळांना घेऊन येतात आणि दाराला कुलूप बघून परत जातात, हे मला फार लागतं, आणि उघडण्याच्या वेळा ही अशी माहिती आहे की जी सर्च इंजिनं खरंच वापरतात.

प्रश्न : वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा आम्ही सहकुटुंब बघून आलो. तेव्हापासून "हीच ती का" यावर मित्रांच्या ग्रुपमध्ये भांडणं चालू आहेत. माझा प्रश्न तुमच्या विषयातला आहे. ज्या वस्तूबद्दल परंपरा एक सांगते आणि पुरावा पूर्ण नाही, तिची डिजिटल नोंद कशी करायची? मशीनला तर हो किंवा नाही एवढंच कळतं ना?
— एक शिक्षक, कराड

उत्तर : सर, सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जेवढं पक्कं आहे तेवढं. ही वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीची आहेत. जुलै २०२४ मध्ये ३ वर्षांच्या करारावर ती महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. त्यांच्याबरोबर एक पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा, की शिवाजीने ज्या वाघनखाने मोगल सेनापतीला मारलं ते हेच, आणि ईडनचा जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी असताना पेशव्यांच्या प्रधानाने ते त्याला दिलं. ग्रँट डफ साताऱ्यात होता १८१८ ते १८२२, अफझलखानाचा प्रसंग १६५९ चा, म्हणजे मध्ये जवळजवळ १६० वर्षं आहेत. आणि अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे, पेटीवर मात्र मोगलच लिहिलंय. महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री करता आलेली नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं.

आता बघा, यात किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, ती धातूची वस्तू. दोन, पेटीवरची अक्षरं, जी चुकीसकट जशीच्या तशी उतरवून घ्यायला हवीत, कारण ती चूकसुद्धा लिहिणाऱ्याबद्दल काहीतरी सांगते. तीन, त्या अक्षरांमधला दावा. चार, आज ज्याच्याकडे वस्तू आहे त्या संग्रहालयाचं त्या दाव्याबद्दलचं मत. भांडणं होतात कारण या चारही गोष्टी आपण एका वाक्यात कोंबतो.

स्कीमा डॉट ऑर्ग इथे कमी पडतं, त्याचा स्वभाव सपाट आहे, कर्ता अमुक, तारीख अमुक, संपलं. तिथे फक्त पक्कं तेवढंच भरावं आणि परंपरा वर्णनात शब्दांनी लिहावी. पण संग्रहालयांच्या जगात यासाठी एक जास्त खोल मांडणी आहे, सिडॉक सीआरएम. आयकॉमच्या दस्तावेजीकरण समितीने ती तयार केली आणि २००६ पासून ती आयएसओ २११२७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिचा पाया असा, की वस्तूला गुण चिकटवत बसायचं नाही, वस्तूच्या आयुष्यात घडलेल्या घटना लिहायच्या. घडवली ती एक घटना, हातातून हातात गेली ती दुसरी, मालकी बदलली ती तिसरी, आणि प्रत्येक घटनेला आपापली माणसं, जागा, काळ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, "अमक्याने या वस्तूबद्दल असं ठरवलं" हीसुद्धा तिथे एक घटनाच असते, तिला अ‍ॅट्रिब्यूट असाइनमेंट म्हणतात. म्हणजे वाघनखांच्या नोंदीत "वापरणारे : शिवाजी महाराज" असं ठोकून न देता, पेटीवरच्या मजकुरात असं म्हटलंय, त्याच मजकुरात ग्रँट डफचं नाव आहे, आणि संग्रहालयाच्या मते याची खात्री झालेली नाही, हे सगळं मशीनला वाचता येईल असं लिहिता येतं. तेव्हा सर, मशीनला हो-नाहीच्या पलीकडचंही कळतं, लिहिणाऱ्याने ते लिहायचे कष्ट घ्यायला हवेत.

अजून एक गंमत त्यात आहे. सीआरएममध्ये मालक कोण, सध्या सांभाळतंय कोण, कायमची जागा कुठली आणि आत्ता आहे कुठे हे चारही वेगळे रकाने आहेत. उसनी आलेल्या वस्तूला हे किती नेमकं लागू पडतं बघा. मालक लंडनचं म्युझियम, सांभाळणारं दुसरंच, आणि त्यात कुठेही विसंगती नाही. हे सगळं अवघड वाटत असेल तर लिंक्ड आर्ट नावाची याच मांडणीची सोपी केलेली आवृत्ती आहे, तीही जेसन-एलडीमध्येच लिहितात. विकिडेटावर काम करणाऱ्यांनी प्रत्येक विधानाला संदर्भ जोडावा आणि वाद असेल तर तो नोंदवायची जी सोय तिथे आहे ती वापरावी.

आपल्याकडे बरेच जण म्हणतात की असं जपून लिहिणं म्हणजे महाराजांबद्दल शंका घेणं. मला हे अजिबात पटत नाही. डेटात एकदा नुसतं हो असं लिहिलं की तिथून दहा जागी उचललं जातं, सर्चच्या चौकोनात जातं, आता एआयच्या उत्तरांत जातं, आणि उद्या कोणी तो दावा खोडला तर बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही लोकांचा विश्वास जातो. उलट बाजूने "खोटी आहेत" असं ठोकून देणारेही तितकेच चूक, कारण तसाही पुरावा नाही. ज्यांनी आयुष्यभर आज्ञापत्रं, बखरी, तवारिखा ताडून बघितल्या त्या इतिहासकारांनी आपल्याला हीच शिस्त घालून दिलीय.

प्रश्न : आमच्या घराण्यात मोडी कागदांचं दफ्तर आहे, स्कॅन करून वेबसाइटवर टाकतोय. तारखा शके आणि सुहूर सनात, काहींवर नुसती तिथी, काही कागदांवर काहीच नाही. मार्कअपमध्ये तारीख कशी घालायची?
— वाई

उत्तर : दोन रकाने ठेवा, त्यात आळस करू नका. एकात कागदावर आहे तशीच तारीख, अक्षर न बदलता. दुसऱ्यात तुम्ही काढलेली इसवी सनाची तारीख, ती मशीनसाठी.

शक असेल तर ७८ मिळवायचे, पण पौष ते फाल्गुन या महिन्यांत १ जानेवारी उलटून गेली असेल तर ७९. सुहूर सनाला ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं. इथपर्यंत तुम्हाला माहीत असेलच, पुढचं मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, त्याची आपण सगळे ६ जून १६७४ ही तारीख धरतो. ती ज्युलियन म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची तारीख आहे. स्कीमा डॉट ऑर्गमधली तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे लिहायची असते आणि ते मानक ग्रेगोरियन म्हणजे आज आपण वापरतो ते कॅलेंडर धरून चालतं, त्यात हाच दिवस १६ जून १६७४ होतो. तुम्ही तिथे ६ जून घातलीत तर मशीनच्या हिशोबात १० दिवसांची चूक झाली. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या कागदांची तारीख छापील जंत्रीतून काढताना ती जंत्री कुठलं कॅलेंडर धरते ते बघा आणि नोंदीत लिहून ठेवा. विकिडेटावर तारीख भरताना ज्युलियन का ग्रेगोरियन हे निवडताच येतं.

तारीख अंदाजे असेल तर खोटी नेमकी तारीख घालू नका. "१८ व्या शतकाचा उत्तरार्ध" याला १ जानेवारी १७५० असं भरलेलं मी पाहिलंय, आणि मग यादी तारखेने लावली की तो कागद पक्क्या तारखेच्या कागदांच्या मध्ये जाऊन बसतो. अंदाजे, शंकास्पद, अमुक ते अमुकच्या दरम्यान हे लिहायची नीट पद्धत आहे, ईडीटीएफ नावाची, २०१९ पासून ती आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात आलीय. तुमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ती वापरा. स्कीमामध्ये फक्त वर्ष माहीत असेल तर फक्त वर्ष भरा, तेही चालतं.

आणि एक फरक. डेट क्रिएटेड म्हणजे कागद लिहिला तो काळ, टेम्पोरल कव्हरेज म्हणजे त्यात ज्या काळाबद्दल लिहिलंय तो. शिवकालाबद्दल १९ व्या शतकात लिहिलेली बखरीची नक्कल असेल तर पहिल्यात १९ वं शतक, दुसऱ्यात १७ वं. हे उलटं झालं की नक्कल अस्सल म्हणून फिरायला लागते.

प्रश्न : नोंदी मराठीत ठेवाव्यात का इंग्रजीत? आमचे सल्लागार म्हणतात इंग्रजीच ठेवा, जगाला कळलं पाहिजे.
— कोल्हापूर

उत्तर : दोन्हीत ठेवा, आणि मराठी आधी. जेसन-एलडीमध्ये प्रत्येक मजकुराला भाषेची खूण लावता येते, मराठीचा संकेत एमआर, इंग्रजीचा ईएन, त्यामुळे एकाच नोंदीत दोन्ही नावं सुखाने राहतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आठवा, समई, लामणदिवा, पंचारती, आणि इंग्रजी नोंदीत या सगळ्यांचा एकच "लॅम्प" केला तर शोधणाऱ्याच्या हाताला काय लागणार? नाव मराठीत लिहा, स्थानिक दुसरं नाव असेल तर तेही अल्टरनेट नेममध्ये घाला, आणि सोबत गेटीचा किंवा विकिडेटाचा संकल्पना क्रमांक द्या. क्रमांकाला भाषा नसते, जपानमधला अभ्यासकसुद्धा त्यावरून तुमच्या वस्तूपर्यंत पोचतो. विकिडेटावर मराठी नाव नसेल तर ते तुम्ही स्वतः घालू शकता, कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : आमच्या वेबसाइटवरचे चित्रांचे फोटो लोक उचलतात आणि कॅलेंडरवर छापतात. मार्कअपने हे थांबतं का? आणि फोटो मोफत द्यावेत का यावर आमच्या समितीत दोन तट आहेत.
— एक अभिरक्षक

उत्तर : थांबत नाही, पण ज्याला नियमाने वागायचंय त्याला रस्ता दिसतो. फोटोच्या मार्कअपमध्ये लायसन्स, परवानगी कुठे मागायची ते पान, आणि श्रेय कसं लिहायचं हे देता येतं, आणि २०२० पासून गुगल इमेजेस अशा फोटोंवर परवान्याची छोटी खूण दाखवतं. हे लगेच करा.

तटांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा कॉपीराइट संपतो. राजा रवि वर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच सगळ्यांची झालीत. अशा चित्रांचे चांगले फोटो खुले करावेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,७५,००० हून जास्त फोटो सीसी झिरोखाली म्हणजे कुठलीही अट न घालता खुले केले. याउलट एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांचं चित्र तुमच्या भिंतीवर असलं तरी कॉपीराइट तुमचा होत नाही, तेव्हा तिथे "मोफत" लिहायचा अधिकार समितीला नाही. दोन्ही प्रकारांना एकच लायसन्स चिकटवू नका.

आणि हे मात्र कुठेही, अगदी न दिसणाऱ्या कोडमध्येही घालू नका : वस्तू स्टोअरच्या कुठल्या कपाटात आहे, विम्याची रक्कम किती, देणगीदाराचा पत्ता आणि फोन. डेटाबेसमधून आपोआप मार्कअप निघतं तेव्हा हे रकाने नकळत बाहेर पडतात आणि पानावर दिसत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. गावातल्या देवळात अजून पूजेत असलेल्या मूर्तीची नोंद करत असाल तर नकाशावरचा नेमका बिंदू देऊ नका, तालुका पुरे. मूर्तिचोर पण इंटरनेट वापरतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. जगभरच्या संग्रहालयांमध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या वस्तू आहेत, त्यांची एक यादी करायची इच्छा आहे. थोडं पायथन येतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर : किती छान काम! मेट म्हणजे न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि व्ही अँड ए म्हणजे लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, दोघांचीही एपीआय म्हणजे प्रोग्रामने थेट डेटा मागायची सोय आहे, त्यासाठी पासवर्डसारखी कळ मागत नाहीत, थेट शोधता येतं. पॅरिसच्या लूव्हरने मार्च २०२१ मध्ये संग्रहाची वेबसाइट उघडली, तिथे वस्तूच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जेसन जोडलं की पूर्ण नोंद डेटा म्हणून मिळते. विकिडेटावर स्पार्कल नावाच्या शोधभाषेत प्रश्न विचारता येतात, कुठला संग्रह, कुठला इन्व्हेंटरी नंबर, कुठे घडवली.

शोधताना पुणे एवढंच शोधू नकोस. जुन्या नोंदींत पूना आहे, बॉम्बे आहे, सत्तारा आहे, मराठाच्या जागी महरट्टा आहे, ते सगळे शब्द घे. आणि यादी करताना मूळ संग्रहालयाच्या पानाचा पत्ता आणि नंबर प्रत्येक ओळीत ठेव, तुझ्या नोंदीत सेम अ‍ॅजमध्ये तो दे, म्हणजे दोन जागच्या नोंदी एकाच वस्तूच्या आहेत हे कळेल. "महाराष्ट्रातून गेलेली" आणि "महाराष्ट्रात घडवलेली" हे दोन वेगळे रकाने कर, पैठणचं वस्त्र हैदराबादहून गेलेलं असू शकतं. भेट दिली, विकत घेतली, लुटीत गेली, हे फक्त जिथे लिखित आधार आहे तिथेच भर.

प्रश्न : वर्डप्रेसवर एसईओचं, म्हणजे सर्चमध्ये पान वर यावं म्हणून असतं ते प्लगइन लावलं, टेस्ट हिरवी आली. म्हणजे झालं ना?
— नागपूर

उत्तर : नाही हो. बरीच प्लगइन पानाला आपोआप आर्टिकल ठरवून टाकतात आणि लेखक म्हणून ज्याने पान अपलोड केलं त्याचं नाव घालतात. मग चालुक्यकालीन मूर्तीच्या पानाचा कर्ता तुमचा ऑफिस असिस्टंट होतो आणि निर्मितीची तारीख मागचा मंगळवार. टेस्ट फक्त व्याकरण तपासते, अर्थ नाही. गुगलची रिच रिझल्ट्स टेस्ट तर फक्त गुगलला हवे तेवढेच टाइप बघते, त्यापेक्षा स्कीमा डॉट ऑर्गचा स्वतःचा व्हॅलिडेटर वापरा आणि निघालेली प्रत्येक ओळ अ‍ॅक्सेशन रजिस्टर शेजारी ठेवून माणसाने वाचा. वस्तू जास्त असतील तर वर्डप्रेसशी झगडण्यापेक्षा ओमेका एस हे संग्रहांच्या वेबसाइटसाठीचं सॉफ्टवेअर बघा, मोफत आहे, जेसन-एलडी आतूनच देतं. सरकारी संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलेलं जतन नावाचं सॉफ्टवेअर आहे, म्युझियम्स ऑफ इंडिया या पोर्टलमागे तेच आहे.

प्रश्न : ताई, आमची वेबसाइट नवीन करायला दिलीय. पाच वर्षांपूर्वी पण केली होती, तेव्हा जुन्या सगळ्या लिंक तुटल्या. या वेळी काय सांगू डेव्हलपरला?
— रत्नागिरी

उत्तर : करारातच लिहून घ्या. वस्तूच्या पानाच्या पत्त्यात अ‍ॅक्सेशन नंबर असावा, वस्तूचं नाव किंवा दालनाचं नाव नको, कारण नाव सुधारलं जातं, दालन बदलतं, नंबर तोच राहतो. जुना प्रत्येक पत्ता नव्याकडे कायमचा वळवून द्यायचा, त्याची यादी काम संपायच्या आधी तुमच्या हातात. शक्य असेल तर एआरके हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक घ्या, त्याला फी नाही, आणि लूव्हरही आपल्या वस्तूंच्या पत्त्यात तोच वापरतं. डोमेनचं नाव संग्रहालयाच्या नावावर नोंदवलेलं असू दे, डेव्हलपरच्या किंवा एखाद्या विश्वस्ताच्या खासगी मेलवर नको. आणि सगळा डेटा सीएसव्हीमध्ये म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, आणि सोबत सगळे फोटो, दर सहा महिन्यांनी बाहेर काढून मिळतील अशी अट घाला, शेवटचा हप्ता ती फाइल उघडून बघितल्यावर द्या.